नॉर्मलचा पेढा

कात्रजहून सकाळी सुटणाऱ्या बसमध्ये त्या बाई रोज खिडकीशी बसायच्या. मी मागच्या सीटवर. आमच्या घरातला पहिला पदवीधर, पुण्यात नुकताच नोकरीला लागलेला. बसल्या बसल्या त्या बांगड्या उतरवून पर्समध्ये ठेवायच्या; तेवढं ओझंही मनगटाला सोसत नसे. मग डोळे मिटून गाल खिडकीच्या गार दांडीला टेकवायच्या. कोवळं ऊन त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत जाई आणि बस कुठेच न जाता नुसती तरंगते आहे, असं मला वाटे.

एकदा शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "अहो, बस आहे ही, शयनगृह नव्हे."

त्या हसल्या. मागे वळून मला म्हणाल्या, "दोन वर्षं अंग ठणकतंय. कशानं, ते कुणाला सापडत नाही."

एका सोमवारी त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे पेढा धरला. "हाही रिपोर्ट नॉर्मल आला. सासूबाईंनी सगळ्या सोसायटीत वाटलेत."

पेढा हातावर पडला की अभिनंदन करायचं, हे आमच्या गावातलं वळण. मी केलं.

"दर पेढ्याला एक माणूस कमी होतो हो," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला दुखतंय असं मानणारा. कालपर्यंत नवरा होता."

मी पेढा तसाच हातात धरून विचारलं, "आत्ता दुखतंय का?"

मग स्वारगेट येईपर्यंत त्या सांगत राहिल्या, कुठे, कसं, केव्हापासून. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण सगळं खरं वाटलं.