पराते बाईंच्या सोयरिकी

पराते बाई वर्गात पंखा लावू द्यायच्या नाहीत. नागपुरात, एप्रिल महिन्यात, हुडकेश्वरच्या आमच्या शाळेतल्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या नववीच्या वर्गात. मुलं वहीने वारा घेत बसायची, बाई पदराने कपाळ टिपायच्या, आणि गणिताच्या तासाला मी बटणाकडे हात नेला की पुढच्या बाकावरून आवाज यायचा, "नका लावू सर, कार्डं उडते." मग मीही खिशातून रुमाल काढायचो.

बाई संक्रांतीनंतर गेल्या. मला अजून रडू आलेलं नाही. शाळेत येतो, तास घेतो, डबा खातो. बाईंबद्दल कोणी बोलायला लागलं की ऐकून घेतो आणि आत काहीच हलत नाही. म्हणून जे आठवतं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर मुलांची कार्डं लटकत. एका कार्डावर एकच गोष्ट, तीही आपल्या शब्दांत. पुस्तकातलं वाक्य उतरवलेलं दिसलं की बाई कार्ड परत करायच्या. "हे तुयं नाही वं, हे छापणाऱ्याचं हाये." कार्ड लिहून झालं की भिंतीवर असं दुसरं कार्ड शोधायचं, ज्याच्याशी आपल्या कार्डाचं काही नातं लागतं, आणि दोन्हींच्या भोकांतून सूत ओवून गाठ मारायची. याला बाई सोयरीक म्हणत. सोयरिकीचा नियम घरोघरी असतो तोच, एका कुळात जमत नाही. इतिहासाचं कार्ड इतिहासाला बांधायचं नाही, विज्ञानाचं विज्ञानाला नाही. गाठ मारण्याआधी बाई विचारणार, "काहून?" मग का बांधायचं, ते सगळ्या वर्गासमोर सांगायचं. पटलं तर गाठ, नाही पटलं तर कार्ड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. त्या डब्याला त्यांनी माहेर असं नाव दिलं होतं. आपलं कार्ड डब्यात गेलं म्हणून कोणी तोंड पाडलं तर म्हणायच्या, "बसू दे तिले माहेरी. जमन तवा जमन. घाईत जमवलेली सोयरीक लय भोगा लागते."

सूत उमरेडहून यायचं. तिथे त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. वडील गेले, भाऊ मालवाहू गाडी चालवू लागला, आणि माळ्यावर सुताच्या लडी तशाच राहिल्या. "माग गेला, सूत उरलं. आता पोरं विणून राहिले," असं बाई अगदी सहज सांगायच्या. त्यात दुःख शोधायला गेलात तर सापडायचं नाही.

मी गणिताचा माणूस. मला सुरुवातीला हा सगळा प्रकार लग्नाच्या मांडवासारखा वाटायचा, सजावट फार आणि जेवण कमी. स्टाफरूममध्ये मी तसं बोलूनही दाखवलं होतं. बाईंनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "जेवाले बसा तर खरं सर, मंग नावं ठेवा."

तसा बसलो एकदा त्यांच्या तासाला. प्रणाली नावाची मुलगी कार्ड घेऊन उभी राहिली. तिचं घर मूळचं कुहीकडचं, तिथे भातखाचराला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. कार्डावर लिहिलं होतं, धानाच्या एका बांधीचं पाणी दुसऱ्या बांधीत सोडतात. हे भूगोलाचं कार्ड तिला माझ्या गणिताच्या कार्डाला बांधायचं होतं, सरासरीच्या. वर्ग हसला, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. "काहून?"

"मॅडम, एका बांधीत पाणी जास्त, एकीत कमी," प्रणाली म्हणाली. "मधले धुरे फोडले तर सगळ्याईत सारखं होते. ते जेवढं राहते, तेच सरासरी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या घरची पोरगी हाये सर. देता का?"

दिली. तेव्हापासून सरासरी शिकवताना मी फळ्यावर आधी बांध्या काढतो, मग बेरीज आणि भागाकार.

पुढे बाई आजारी पडल्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यावर उपचार सुरू झाले. काय आजार आहे आणि तो कुठवर आला आहे, हे त्यांनी सुट्टी लागण्याआधी शाळेत फक्त मला सांगितलं, तेही जिन्यात, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असताना. "मले जाची भीती नाही सर. दुसरंच लागून राहिलं जिवाले. मी काहून म्हणते म्हणून पोरं कारण शोधते. मी नसली तर कोण म्हणन? या पोराईनं एकमेकाईले विचारलं पाहिजे. तेवढं पाहून जाईन म्हणते." मी बरं म्हणालो.

त्याच सुट्टीत शाळेला रंग द्यायचं ठरलं. भिंत रिकामी करायची होती. कार्डांना चुना लागू नये म्हणून नववीची मुलं सुट्टीत आपणहून आली, आणि मॅडम परत आल्यावर खूश व्हाव्यात म्हणून त्यांनी मनापासून काम केलं. कात्रीने सगळी सुतं कापली, कार्डं पुसली, आणि विषयवार लावून ठेवली. इतिहासाचा गठ्ठा वेगळा, विज्ञानाचा वेगळा, प्रत्येकाला रबर आणि वर रंगीत पट्टीवर सुंदर अक्षरात नाव.

बाई डोक्याला रुमाल बांधून आल्या. टेबलावरचे गठ्ठे पाहिले. मुलं शाबासकीची वाट पाहत उभी होती. बाईंनी एक गठ्ठा उचलला, रबर काढलं, परत लावलं.

"लय मेहनत केली गा," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. "पण हे तर सारे भाऊबहीण एकाच खोलीत कोंडले तुम्ही. आता सोयरीक कोणाशी करतील?"

एकेक चेहरा उतरत गेला. एक मुलगा म्हणाला, "आठवून आठवून पहिल्यासारखं बांधून देतो मॅडम."

"पहिल्यासारखं नको. नवं बांधा. मी आज बोलत नाही, मायं तोंड आलं हाये."

तोंड खरंच आलं होतं, औषधांनी. पण न बोलण्याचं कारण ते नव्हतं, हे जिन्यातल्या बोलण्यामुळे मला माहीत होतं. मी मागच्या बाकावर बसून राहिलो. मुलं कार्डं घेऊन भिंतीपाशी जात होती, बांधण्याआधी वळून बाईंकडे पाहत होती. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. कोणी काही विचारत नव्हतं, गाठी नुसत्याच बसत होत्या. मला तो तास संपावा असं वाटत होतं.

शेवटी पहिल्यासारखं बांधून देतो म्हणणारा मुलगा उभा राहिला आणि चुंबकाचं कार्ड एका कवितेच्या कार्डाला बांधायला लागला. सूत ओवून झालं, तेव्हा मागून प्रणालीचा आवाज आला. "काहून?"

तो दचकला. "काहून म्हणजे?"

"काहून म्हणजे काहून. सांग नं."

तो सांगू लागला, दुसऱ्याने अडवलं, तिसरी म्हणाली हे जमत नाही. चुंबकाचं कार्ड माहेरी गेलं. तोवर वर्ग इतका गलका करत होता की मीच उठून दार लावलं. बाईंनी पर्स उचलली, माझ्या बाकाजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "चला, घरी जाते." त्यानंतर त्या मोजक्याच वेळा शाळेत आल्या.

अंबाझरीच्या स्मशानघाटावरून मी कोरड्या डोळ्यांनी परत आलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा तास मला दिला होता. काय शिकवायचं ते ठरवलं नव्हतं. वर्गात गेलो, एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर लिहिलं, पराते बाई गेल्या. सुताची लडी प्रणालीकडे असायची, म्हणून कार्ड तिला दिलं. तिने वाचलं, सुईत सूत ओवलं आणि विचारलं, "सर, कशाले बांधू?"

मी भिंतीपाशी गेलो. एका टोकापासून कार्डं वाचत निघालो. धानाच्या बांध्या, सरासरी, मिठाचा कर, पानातलं हरितद्रव्य. पोरं मला वेळ देत होती, बाई त्यांना द्यायच्या तसा. दुसऱ्या टोकाला पोचलो. एकही कार्ड असं सापडलं नाही की ज्याच्यापाशी थांबून मला कारण सांगता आलं असतं. मी तसं सांगितलं. "मला काही सुचत नाही."

प्रणालीने सुईतलं सूत काढून घेतलं. डब्याचं झाकण उघडलं, कार्ड आत ठेवलं, आणि मी एखादा नवा विद्यार्थी असावा अशा आवाजात म्हणाली, "राहू द्या सर माहेरी. जमन तवा जमन."

मी खुर्चीत बसलो. मग सगळ्यांना पुस्तक उघडायला सांगितलं.

आता एप्रिल आहे. पंखा बंद आहे. कार्ड अजून डब्यातच आहे.