भाडेकरूच्या फॉर्मवरचा फोटो

हे मी इतकी वर्षं सांगायचं टाळलं. मुलीने एकदा खोदून विचारलं, तर मी उगाच चष्मा शोधत बसलो.

कारापूरला आमच्या घरामागच्या खोलीत बेळगावकडचा एक गवंडी भाड्याने राहत होता. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते, म्हणून निळ्या भिंतीपुढे उभं करून त्याचा फोटो मीच काढला.

"मालक, मुलीकडच्यांना दाखवताय काय?"

"ठाण्यावर द्यायचाय. हसू नकोस."

"तिथं पसंत पडलो तर वांधा की!"

पुढे शिगम्यात, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणात, शेजारच्या साखळी गावच्या रोमटाच्या मिरवणुकीत भर दुपारी ढोलांच्या गर्दीत कुणीतरी एका बाईची सोनसाखळी ओढली. कॅमेऱ्यात गुलालाने माखलेला एक चेहरा सापडला. पोलिसांच्या यंत्राने तो भाडेकरूंच्या फोटोंशी ताडून पाहिला आणि आमच्या गवंड्यावर बोट ठेवलं.

मला बोलावणं आलं. निवृत्त मास्तर म्हणून पंच व्हायला नेहमी मलाच बोलावत, आणि न वाचता सही करायची मला सवय झाली होती. पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी होते.

"मास्तर, मशीन म्हणटा होच तो," हवालदार म्हणाला. "तुमी ओळखलो म्हणून सय करात, जालें."

रोमटाच्या त्या दुपारी मी घरी व्हरांड्यात आरामखुर्चीत पेंगत होतो. मिटत्या डोळ्यांना गवंडी नळावर पाय धुताना दिसला होता. सिमेंटचं राखाडी पाणी जास्वंदीच्या मुळांकडे सावकाश चाललं होतं, दूर साखळीकडे ढोल वाजत होते, आणि तो आवाजही पाण्यातूनच येतोय असं वाटत होतं. ते खरं होतं की स्वप्न, पडद्यापुढे बसल्यावर मला ठरवता येईना. यंत्राला झोप येत नाही, एवढाच विचार केला आणि सही केली.

घरी बायको म्हणाली, "त्या दुपारी नळावर मीच त्याला कोकमाचं सरबत दिलं. सांगितलंत ना ठाण्यावर?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तीन आठवडे तो कोठडीत होता. त्याच्या तरुण वकीलबाईंनी कोर्टात विचारलं, भाडेकरूच्या माहितीसाठी घेतलेला फोटो चेहरे जुळवायला वापरायची परवानगी कुठल्या कायद्याने दिली? सरकारी वकील कागद चाळत राहिले. न्यायाधीश म्हणाले, यंत्राने जुळवलेला चेहरा तपासाला दिशा देईल, पण त्याने ओळख पटत नाही. आणि आधी पडदा दाखवून घेतलेली सहीसुद्धा ओळख नव्हे. त्याला सोडलं. मी मागच्या बाकावर होतो. माझ्या सहीला काडीची किंमत उरली नव्हती, तरी तीन आठवडे ती त्याला पुरली होती.

तोवर त्याचं काम दुसऱ्याला गेलं होतं. भांडी न्यायला आला तेव्हा उन्हं उतरत होती, आणि तो अंगणात उभा असूनही मला फार लांब दिसत होता.

"मालक, बादली तुमची. ठेवलीय आत."

"बस कितीची?" मी विचारलं.

"मिळंल ती."

तो फाटकाबाहेर पडला. सही माझी होती, मी तुला पाहिलं होतं, मला क्षमा कर, हे तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं.