मावशीचा डबा आणि एक्झॉस्टिव्ह यादी

पाथरीतल्या मुलींच्या वसतिगृहात मला देखरेखीला ठेवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, तीन महिने बघू. आठवीत शाळा सोडलेल्या, रत्नागिरीकडून एवढ्या लांब आलेल्या बाईला कुणी तीन महिने तरी का बघावं? त्या उपकारापोटी मी कोपऱ्यातली जळमटंसुद्धा अदबीनं काढत होते.

तिसरा महिना संपत आला तेव्हा टेबलावर चिठ्ठी दिसली. 'सामानाची एक्झॉस्टिव्ह यादी शनिवारी दे. मग तुझं काय ते ठरवू.' मॅडम पूर्वी इंग्रजी शिकवायच्या. नुसती यादी मागणं त्यांना जमत नाही. मी मोबाइलवर अर्थ बघितला, तरी खात्री वाटेना, म्हणून त्यांनाच विचारलं. त्या खूश झाल्या.

"काही म्हणजे काही सुटलेलं नाही, अशी पूर्ण. घर धुंडाळलं तरी नवीन सापडू नये. आणि जेवण एक्झॉस्टिव्ह झालं असं म्हणायचं नाही हं! यादी, शोध, चौकशी, असल्यांनाच ते शोभतं."

मग मी काय सोडते! खाटा, गाद्या, कान तुटलेली कढई, बंद घड्याळ, जिन्याखालची मांजर, पिलांसह. नोकरीचा प्रश्न होता.

शनिवारी मॅडम वाचता वाचता थांबल्या. "स्टीलचा डबा एक, शेजारच्या मावशींचा. रिकामा परत देता येत नाही म्हणून राहिलेला. हे काय गं?"

"मी आले त्या दिवशी त्यांनी ठेचा दिला होता. रिकामा डबा कसा परत करू? गावाकडून आमसुलं यायचीत, ती घालून देणार."

"तीन महिने झाले!" मॅडम उठून खिडकीशी गेल्या. "अहो मावशी, तुमचा डबा आमच्या मालमत्तेत जमा झालाय!"

"हाय का तिथंच?" कुंपणापलीकडून मावशी ओरडल्या. "मला वाटलं, पोरगी डबा घेऊन कोकणात पळाली! अगं, चिमूटभर साखर टाकायची अन् द्यायचा. एवढं काय घाबरायलीस?"

मला रडू की हसू कळेना. मॅडमनी लाल पेनानं ती ओळ खोडली. मांजर मात्र ठेवली. मग कागद घडी घालत म्हणाल्या, "जूनमध्ये नव्या मुली आल्या की पुन्हा यादी लागेल. तूच करायची."

मी मान हलवली. त्यातलं 'तूच' मला स्वयंपाकघरात पोचल्यावर समजलं, आणि मी साखरेची बरणी खाली काढली.

दुपारी साखर घालून डबा देऊन आले. संध्याकाळी तो परत आला, शेंगदाण्याच्या चटणीनं गच्च भरून. "लय तिखट हाय, जपून," मावशी म्हणाल्या.

मी माझ्याकडच्या प्रतीत खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, आणि आईला फोन लावला, आमसुलं लवकर पाठव म्हणून.