बैठकीतलं हिरवं ताट

माझ्या सिडकोतल्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस भिंतीसमोर उभा राहतो आणि हमखास एखाद्या बशीवर टिचकी मारून बघतो. या टिचकीचा मला भारी राग येतो. भिंतीवर निळ्या वेलबुट्टीच्या जुन्या बशा आहेत, खाली मांडणीवर लोणच्याच्या बरण्या, झाकण हरवलेली एक किटली आणि कान तुटलेले दोन कप. सगळं जुन्या बाजारातून एकेक करून आणलेलं. बरणीत मी निशिगंध ठेवते, किटलीत मनीप्लँट. "हे घर आहे की चिनी मातीचं दुकान?" असं आमचे हे येता-जाता विचारतात. पण पाहुणे आले की तेच सगळ्यांना फिरवून दाखवतात, जणू बाजारात घासाघीस करायला तेच गेले होते.

भिंतीवरचा मधला खिळा मात्र मोकळा आहे. ज्या ताटासाठी तो ठोकला, ते ताट मला मिळालं नाही.

ही हौस मला सासऱ्यांकडून लागली. आमची शेती करमाडला. पोलीस ॲक्शननंतर मुलांच्या शाळेसाठी मामंजींनी औरंगाबादेत घर बांधलं. त्या दिवसांत निजामाची कितीतरी सरदार घराणी शहर सोडून गेली होती आणि त्यांच्या देवड्यांतलं, म्हणजे वाड्यांतलं, सामान बाजारात येत होतं. गावाकडं पितळ आणि काशापलीकडं कुणाला काही ठाऊक नव्हतं. मामंजी मात्र एक दिवस परातीएवढं हिरवं ताट घेऊन आले. जड, गुळगुळीत, कच्च्या कैरीच्या रंगाचं. विकणारा म्हणाला होता, "साब, ये घोरी है. इसमें जहर का खाना डालो तो फट जाती."

मामंजींनी हे किती खरं मानलं कोण जाणे, पण गोष्ट त्यांना फार आवडली. तारेची पकड करून त्यांनी ताट बैठकीत टांगलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट ऐकवायला लागले.

थोरली सून, म्हणजे माझ्या जाऊबाई, घरात आल्या तेव्हा मामंजींना एक कल्पना सुचली. सूनबाईंचा पहिला स्वयंपाक आपण या ताटात जेवायचा. निव्वळ गंमत म्हणून. थंडीचे दिवस होते. भिंतीवरून काढलेलं गारठलेलं ताट पुढं ठेवलं, जाऊबाईंनी भात वाढला आणि चुलीवरून उतरवलेलं उकळतं वरण त्यावर ओतलं. तडकन आवाज झाला. काठापासून मध्यापर्यंत एक तडा गेला.

 मग मामंजीच हसले आणि तोच भात दुसऱ्या ताटात घेऊन पोटभर जेवले. कुणाला काही झालं नाही. ताट पुन्हा भिंतीवर गेलं, पण आता त्याच्या गोष्टीला नवं शेपूट फुटलं. पाहुण्यांना तडा दाखवून मामंजी म्हणायचे, "ही आमच्या थोरलीच्या वरणाची करामत. जपून जेवा बरं का." सगळे हसायचे. चहा घेऊन आलेल्या जाऊबाईही पदर सावरून हसायच्या.

मामंजींच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्यांना भाकरी लागायची ती थोरलीच्याच हातची. पण चेष्टा वर्षानुवर्षं चालली की ती चेष्टा राहत नाही. घरात दूध नासलं, कुणाचं पोट दुखलं, की नजरा ताटाकडं वळायच्या. हळदीकुंकवाला गेलं तरी एखादी बाई विचारायचीच, "ताट तडकलं ते तुमच्याच हातनं ना?" घरभर राबणाऱ्या बाईची ओळख एका तड्यावर येऊन थांबली होती.

मग मी आले, सोयगावची, कॉलेज शिकलेली. तरी पहिल्या स्वयंपाकाच्या दिवशी मी वरण तीनदा चाखून पाहिलं. बैठकीतून मामंजींची हाक आली, "ताट काढा!" जाऊबाई ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्या. बंबातलं कढत पाणी घेऊन आधी त्यांनी ताटाचा काठ शेकला, मग हळूहळू मधला भाग. पदरानं पुसलं.

"असं का करताय?" मी विचारलं.

"गार पडलंय गं. आन् वरण जरा निवू दे. मामा घाई करत्याल, करू दे."

ताटाला काही झालं नाही. मामंजी म्हणाले, "धाकटीचा हात लई गुणाचा!" मी हुरळून गेले. जाऊबाईंनी काय केलं होतं, हे डोक्यात उतरायला मला पुढं बरेच दिवस लागले. त्यांनी गप्प राहून नुसतं बघितलं असतं, तर ताट माझ्याही हातनं तडकलं असतं आणि त्यांचा निम्मा बोल माझ्या वाट्याला आला असता.

"तुम्ही सगळ्यांना सांगत का नाही, गरम वरणानं तडकलं म्हणून?" मी एकदा विचारलं.

"मामांना ती गोष्ट लई आवडती. कशाला मोडायची?"

मला काही राहवलं नाही. मी स्वतःच मामंजींना सांगायला गेले. गार ताट, उकळतं वरण, सगळं समजावून सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "व्हय, व्हय. पर तुझ्या वरणानं कुठं तडकलं?"

त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. माझ्यासाठी जाऊबाईंनी जे केलं, तेच त्यांच्या अंगावर आलं होतं.

मामंजी गेल्यावर ते घर विकलं. थोरले दीर करमाडच्या शेतावर राहायला गेले, आम्ही सिडकोत आलो. तोवर मला जुन्या भांड्यांचा नाद लागला होताच. ताट आपल्याकडंच येणार असं धरून मी नव्या भिंतीत खिळाही ठोकला. वाटणीच्या वेळी कधीच काही न मागणाऱ्या जाऊबाई म्हणाल्या, "मला ताट पायजे."

 परत येताना हे म्हणाले, "फोडून टाकणार बघ वहिनी." मलाही तसंच वाटलं. फोडलं तर त्यांचा हक्कच होता, तरी खिळ्याकडं बघून मला वाईट वाटायचं.

पुढं त्यांच्या मुलाचं लग्न झालं. नव्या सुनेच्या पहिल्या स्वयंपाकाला मी करमाडला होते. थंडीच होती. स्वयंपाकघरात गेले तर स्टीलच्या ताटांच्या रांगेत हिरवं ताट उभं. तडा काळा पडलेला, बाकी लख्ख. रोजच्या वापरातलं दिसत होतं.

जाऊबाईंनी सुनेला गॅसजवळ येऊच दिलं नाही. सगळा स्वयंपाक स्वतः केला. मग तिला पाटावर बसवून ते ताट तिच्यापुढं ठेवलं. "आज तू जेव. मी वाढते."

गोष्ट सगळ्या गणगोताला माहीत होती, पोरीलाही होती. तिनं हात मागं घेतला. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. ती म्हणाली, "आत्या, तडकलं म्हंजे?"

मी गरम पाण्यासाठी उठायला लागले. जाऊबाईंनी मला हातानंच बसवलं आणि वाफाळतं वरण तसंच त्या गार ताटातल्या भातावर ओतलं.

"तडकू दे की," त्या म्हणाल्या. "ताटच हाय ते." आणि तिच्या भातावर तुपाची धार धरली.