टिकलीला शून्य शिकवताना

रक्तात औषध किती आहे ते सांगणारी, दंडाला चिकटवायची एक टिकली निघाली आहे. परवा दवाखान्यात ती माझ्यावर अजमावून पाहायची होती. पण तिथल्या तंत्रज्ञ मुलीने आधी ती औषध नसलेल्या खारट पाण्यात बुडवली.

"काका, शून्य म्हणजे काय ते हिला आधी कळायला हवं."

"मग मला विचार ना. वर्षभर माझा मुक्काम तिथेच आहे."

ती हसली. विनोद जमला हे मला कळलं, आनंद मात्र झाला नाही. मनाच्या आजारावरची ही गोळी सुरू होण्यापूर्वी मी लग्नघरात नवरदेवापेक्षा जास्त भाव खायचो. त्याच भरात एकदा तीन दिवस झोपलो नाही आणि गच्चीच्या कठड्यावर चढून सगळ्या सोसायटीला नाटक करून दाखवलं. आता कठड्याची ओढ नाही, नाटकाचीही नाही.

टिकली दंडावर बसली. मुलीने शिरेतून रक्तही घेतलं आणि तासाभराने दोन्ही आकडे ताडून पाहिले. टिकली खरं बोलते का, हे तपासायला रक्त असतं. माणूस बरा झालाय की नुसता गप्प झालाय, हे कशाशी ताडून पाहायचं?

"जुळले. औषध हवं तेवढंच आहे," मुलगी म्हणाली.

"थोडं कमी केलं तर मी पूर्वीसारखा बोलेन," मी शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालो.

तिने माझी वर सरकवलेली बाही खाली ओढली.

"कंटाळवाणा झालायस खरा," ती म्हणाली. "पण हल्ली मला झोप लागते."