सूर्याहून थोरला दगड

वसतिगृहाच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी प्रयोगवही लिहीत होते. पलीकडून दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "सगुणा गेली." त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या... त्याला आता महिना झाला. मला लेख लिहायची सवय नाही. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पण आत्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं सारखं वाटतं.

आत्या आळे गावच्या माळावर एकटीच मेंढ्या राखायची. मी बारावीत असताना एका दुपारी मोठा गडगडाट झाला आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर एक काळा दगड पडला. तिनं तो घोंगडीत गुंडाळून घरी आणला. आभाळातून आला म्हणजे देवच! घरच्यांनी त्याला दुधानं आंघोळ घातली, तेल-शेंदूर लावला आणि देवळीत बसवला. पुढच्या वर्षी मी हे कॉलेजातल्या सरांना सांगितलं. त्यांच्या ओळखीनं एका प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई आमच्या घरी आल्या. शेंदूर पाहून त्यांचा चेहराच उतरला. मग म्हणाल्या, आतला भाग मिळाला तर अजून आशा आहे; पण त्यासाठी दगड फोडावा लागेल.

दादा उसळले. "देवाला हातोडा लावायचा? उद्या कळपाला काय झालं तर कुनी निस्तरायचं?"

मी उगाच सरांना सांगितलं, असं मला झालं. आत्यानं मात्र बाईंना विचारलं, "ताई, आमी त्याल-शेंदूर लावला, त्यानं समदंच नासलं का वो?"

"वरचं नासलं. पण आत बारीक कणांत काही वायू कोंडलेले असतात, ते नाही. ते सहसा कशात मिसळत नाहीत."

"म्हंजी माझ्यावानीच की!" आत्या हसली. मग दादांकडे वळली. "देव आसंल तर फुटल्यानं उणा व्हायचा न्हाई. दगूड आसंल तर फुटू दे."

हातोडा पडताना दगड तिनंच धरला होता. अर्धा बाईंनी नेला, अर्धा देवळीत राहिला.

त्या पावसाळ्यात रोगानं चार मेंढ्या गेल्या. दादांनी तिच्याशी बोलणं टाकलं. "मेंढ्या दरसाल मरत्यात," ती मला म्हणाली, "दगूड यंदा फुटला, म्हनून त्याचं नाव." पण ताटातली भाकरी तशीच राहायची, ते मी पाहत होते.

बऱ्याच महिन्यांनी पत्र आलं. मी ते मोठ्यानं वाचलं. त्या कणांतल्या झेनॉन वायूची जड आणि हलकी रूपं अशा प्रमाणात होती, की तसं प्रमाण पृथ्वीवर नाही, सूर्यातही नाही. ते कण सूर्य जन्मायच्या आधीच्या ताऱ्यांचे होते.

"सूर्याच्या आदी? तसं लिवलंय?"

"हो, आत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्याला हात जोडण्याआधी ती देवळीपुढं उभी राहिली. "थोरल्याचा मान आदी," म्हणाली. दादा ओट्यावरून पुटपुटले, "लईच येडी झाली ही." पुढं तिनं हा नेम कधी मोडला नाही. आज पुस्तकात या वायूंचं पान उघडलं की माझा ऊर भरून येतो. तो दगड कुणाच्या हातांनी धरला होता, हे वर्गात फक्त मला माहीत असतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसले होते. दादा सूर्याला पाणी द्यायला तांब्या घेऊन अंगणात उतरले. तांब्या वर उचलला, आणि थांबले... मग तो तसाच हातात धरून, माझ्याकडे न बघता, ते आत देवळीकडे गेले.