बॉनेटवरचं कुंकू

माझ्या धाकट्या भावाने सेकंडहँड सुपरकार घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्याकडे दोन टेम्पो होते, मंडप-लायटिंगचा चालता धंदा होता आणि बऱ्यापैकी अक्कल होती. अक्कल सगळ्यात आधी गेली. बाकीचं मग तिच्या मागोमाग गेलं.

बोरिवलीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. एका दुपारी तो तिथे आला आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना माझ्या नाकासमोर मोबाइल धरला. मोबाइलवर एक राखाडी गाडी. जमिनीला पोट टेकलेली, डोळे बारीक केलेली.

"ताई, नवी तीन कोटींची आहे. नव्वद लाखांत मिळतेय. दोन कोटी दहा लाख वाचले!"

"तुझ्याकडे होते का रे दोन कोटी दहा लाख?"

"नव्हते."

"मग वाचले कुठून?"

गिऱ्हाईक हसलं. भावाला राग आला. "ही गाडी नाहीये, ॲसेट आहे ॲसेट," तो म्हणाला. ॲसेट आहे तर चाकं कशाला लावलीत, असं मी विचारलं. त्याचा हिशोब असा होता: लग्नाच्या वरातीला नवरदेव या गाडीतून येणार, अंधेरीत शूटिंगला गाडी भाड्याने जाणार, दोन वर्षांत पैसे वसूल. आणि वर गाडी विकली की नव्वदचे नव्वद परत. "जेवढी पडायची तेवढी किंमत पडून झालीय, ताई. आता नाही पडणार. रेअर पीस आहे."

म्हणजे बघा, तीन कोटींची गाडी पाच वर्षांत गडगडत नव्वद लाखांवर आली आणि आता ती बरोब्बर इथेच थांबणार. का? तर माझ्या भावाच्या हातात आली म्हणून. शेजारच्याने सहा महिने वापरलेला मिक्सर हा माणूस अर्ध्या किमतीत मागतो, आणि गाडीच्या बाबतीत मात्र किंमत थांबते, चढते, नाचते. गाडीवाल्या लोकांचे व्हिडिओ बघून बघून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

पैसे येणार कुठून, तर दोन्ही टेम्पो विकून आणि आईच्या फ्लॅटवर कर्ज काढून. आता हा फ्लॅट काय आहे ते सांगते. आम्ही मूळचे मालवणचे. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते केलं आणि घाटकोपरच्या चाळीतली एक खोली मात्र जिवापाड सांभाळली. चाळ पाडून टॉवर झाला तोवर बाबा गेले होते. म्हणून फ्लॅट आईच्या नावावर झाला. आईच्या नावावर आयुष्यात तेवढीच एक गोष्ट आहे.

मी तडक घाटकोपरला गेले. म्हटलं, "आई, हप्ते थकले तर बँक घर घेईल. कळतंय का तुला?"

आईचं लक्ष समोरच्या दाराकडे. समोरच्या बाईच्या मुलाने नवी जीप घेतली होती आणि ती बाई महिनाभर जिन्यातून जाताना चावी खुळखुळवत होती. आई म्हणाली, "तू नेहमी वायटच बोलतंस. माझो झिल गाडी घेता तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?" आणि चष्मा लावून तिने सह्या केल्या. मुलाच्या प्रेमापोटी केल्या असं लोकांना सांगते. कसलं प्रेम! समोरच्या बाईची जिरवायची होती.

गाडी बघायला आम्ही तिघं अंधेरीला गेलो. कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये एक गाळा, आत बर्फासारखा एसी आणि वर ऑपरेशन थिएटरसारखे दिवे. त्या उजेडात माझी जुनी शिलाई मशीनसुद्धा रेअर पीस दिसली असती. शोरूमवाला घट्ट टी-शर्टातला, गोडबोल्या. भावाने काय तपासलं? टायर किती जुने? नाही. ब्रेक किती उरलेत, बदलायला किती लागतात? नाही. आधीच्या सर्व्हिसची बिलं? नाही. तो आत बसला, गाडी सुरू केली आणि आवाज ऐकून डोळे मिटले. आवाजावर किंमत ठरवायची तर कोंबडाही पाळता आला असता.

"सिंगल ओनर," शोरूमवाला सांगत होता. "मुलुंडचे बिल्डर आहेत. गाडी चालवलीच नाही त्यांनी, नुसती जपली. रंग बघा, मॅट ग्रे, अजिबात चकाकी नाही, कंपनीचा ओरिजिनल. हा शेड अख्ख्या मुंबईत दिसणार नाही. आणि माणूस एकदम धार्मिक हां. दर दसऱ्याला स्वतः गाडीची पूजा करायचे, हळद, कुंकू, हार, सगळं." मग त्याने रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र काढलं, दोन्ही दारांना टेकवलं आणि आकडा दाखवला. "फॅक्टरी पेंट. कुठे ठोकलेली असती तर आकडा वर गेला असता."

आई इतका वेळ बॉनेटपाशी वाकून काहीतरी शोधत होती. चष्मा वर सारत तिने विचारलं, "मगे इतक्या दसऱ्यांचा कुंकू खंय गेला?"

"अं?"

"आमच्या टेम्पोवर दर वर्षाचा कुंकू आसा. धुवन जाता थोडा? हेच्यावर एक ठिपको नाय."

शोरूमवाल्याने बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाला, "डिटेलिंग केलंय, मावशी. पॉलिश मारलं की सगळं साफ." भाऊ ओरडला, "आई, लाज काढू नको ना यार!" मलाही हसू आलं. तीन कोटींच्या गाडीवर बाई कुंकू शोधत होती, हसण्यासारखंच होतं ते. शेवटी घासाघीस करून भावाने तीन लाख कमी करून घेतले, जग जिंकल्यासारखी कॉलर ताठ केली आणि 'गाडी जशी आहे तशी घेतली' असं लिहिलेल्या कागदावर न वाचता सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी टॉवरखाली पूजा. चार चाकांखाली चार लिंबं, पुढे नारळ. आईने हळद-कुंकू वाटीत छान ओलं केलं आणि अंगठा दाबून दाबून बॉनेटच्या मधोमध मोठ्ठं स्वस्तिक काढलं, समोरच्या बाईला तिच्या खिडकीतून दिसेल असं. संध्याकाळी पुसायला गेले तर कुंकू निघालं आणि डाग राहिला. पिवळट-लाल, अंगठ्याच्या रेषांसकट. गाड्या चमकवून देणाऱ्या एकाला दाखवलं तर तो म्हणाला, मॅट रंगाला पॉलिश मारता येत नाही, मारलं तर तेवढाच भाग चकाकतो आणि आणखी वाईट दिसतो. अख्खं बॉनेट रंगवावं लागेल. त्याचा खर्च ऐकून भाऊ म्हणाला, राहू दे, शुभ असतं.

पुढचं सगळं शुभच झालं. टॉवरच्या लोखंडी पार्किंगमध्ये गाडी चढेना, पोट घासायचं. म्हणून ती उघड्यावर, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, ताडपत्रीखाली. गेटाजवळचा स्पीडब्रेकर ओलांडायचा तर खाली फळ्या टाकायच्या, दोघांनी ओणवं होऊन बघायचं आणि तिसऱ्याने "आने दो, आने दो" करायचं. पहिल्या वरातीत नवरदेवाचा फेटा छताला अडकला. फेटा काढून तो आत बसला, बाहेर येताना त्याला दोन मामांनी ओढून काढलं आणि मुलीकडचे जे हसत सुटले ते अक्षता पडेपर्यंत थांबले नाहीत. घोडा परवडला, लोक म्हणाले. शूटिंगवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्यातच ब्रेक संपले, आणि ब्रेकच्या बिलात एक जुना टेम्पो आला असता. विकलेल्या टेम्पोंच्या जागी भाड्याचे टेम्पो आणून धंदा करायचा, म्हणजे कमाई टेम्पोवाल्याला आणि हप्ता बँकेला. हप्ते थकायला लागले. बँकेचं पत्र आईच्या नावाने आलं.

मग आई पहिल्यांदा घाबरली. ती मला फोनवर म्हणाली, "गो, माझा घर जातला काय?" मी तोंडाळ बाई, पण त्या वेळी नुसतं 'जेवलीस का' एवढंच विचारलं.

गाडी विकायला पुन्हा त्याच अंधेरीच्या गाळ्यात गेलो. बँकेचं भागवायला निदान साठ लाख यायला हवे होते, त्याखाली घर सुटत नव्हतं. तोच शोरूमवाला, तोच टी-शर्ट. मात्र गाडी आत दिव्याखाली घेतली नाही, बाहेर उन्हातच बघितली.

"चाललीच नाही ही," तो नाक मुरडून म्हणाला.

"तुम्हीच म्हणाला होतात, कमी चाललेली चांगली!" भाऊ म्हणाला.

"उभ्या गाडीचे रबर सुकतात, साहेब. आणि हा कलर. हा कोण घेणार? मार्केटमध्ये दिसतो का कुठे?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तोच रंग, तेच किलोमीटर, तोच माणूस! घेताना जे जे दागिने होते ते विकताना फोड झाले. मी काही बोलणार एवढ्यात त्याने बॉनेटवर बोट ठेवलं. "आणि हा डाग. पंचेचाळीसच्या वर नाही देऊ शकत."

भाऊ आईवर उसळला. भर रस्त्यात. "किती वेळा सांगितलं, जास्त थापू नको! तुझ्या त्या कुंकवाने वाट लागली माझी! घर गेलं ना तर त्या तुझ्या स्वस्तिकामुळे गेलं!"

 आईने अंगठा पदरात लपवला, जणू अजून त्याला कुंकू लागलेलं होतं. असा संताप आला मला भावाचा, की तिथेच एक कानाखाली द्यावीशी वाटली.

मग आई शोरूमवाल्याला म्हणाली, "पुसून टाक मरे. पॉलिश मार."

"मावशी, मॅटवरचा डाग जात नाही. पॉलिश चालतच नाही याला."

"मगे त्या बिल्डराचा कसा गेला?"

 आई टोमणा मारत नव्हती हो, तिला खरंच उपाय हवा होता. पण भावाच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. काचेच्या टेबलावर ते जाडी मोजायचं यंत्र पडलं होतं. त्याने धावत जाऊन ते आणलं आणि बॉनेटला टेकवलं. दारांवर आला होता त्याच्या तिप्पट आकडा आला. गाडी ठोकलेली होती. बॉनेट अख्खं पुन्हा रंगवलेलं होतं, त्या बिल्डराच्या कुंकवासकट.

"ओरिजिनल म्हणाला होतास तू!" भावाने त्याची कॉलर धरली. "फॅक्टरी पेंट म्हणाला होतास!"

शोरूमवाल्याने शांतपणे कॉलर सोडवून घेतली. "साहेब, तेव्हा मी विकत होतो. आता घेतोय." आणि यंत्रावरच्या आकड्याकडे बघत म्हणाला, "ठोकलेली आहे म्हणताय ना? मग पंचेचाळीस विसरा. अडतीस."

त्याची चोरी आम्ही पकडली आणि किंमत आमचीच उतरली. 'जशी आहे तशी' वर सही भावाचीच होती. त्या भागातल्या आणखी दोन गाळ्यांत फिरलो. तिथे दोघांनीही आधी यंत्र काढलं, बॉनेटला लावलं आणि पस्तीसवर आले. संध्याकाळी तोंड खाली घालून आम्ही पहिल्याच दारात परत गेलो आणि अडतीसला गाडी देऊन आलो.

घर बँकेने घेतलं नाही, पण आईचंही ते उरलं नाही. उरलेल्या कर्जाचे हप्ते भागवायला ते भाड्याने दिलं. भाऊ दोन मजुरांबरोबर मंडपाच्या गोदामात झोपायला लागला आणि आई दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे बोरिवलीला आली. समोरच्या बाईने खाली रिक्षापर्यंत येऊन तिची एक पिशवी धरली म्हणे. आईला ते सगळ्यात जास्त लागलं. माझ्याकडे ती दिवसभर ब्लाऊजना हुक लावत बसते आणि घराचा विषय काढत नाही.

परवा भाऊ आला. एक जुना टेम्पो बघितलाय म्हणाला, तिसऱ्या मालकाचा, हप्त्यावर नाही, साठवलेल्या पैशांतून. स्वतःचा टेम्पो असला की वर्षा-दोन वर्षांत घर परत आईच्या ताब्यात देता येईल असा त्याचा हिशोब. त्याचे हिशोब मला चांगले ठाऊक आहेत, म्हणून मी तोंड उघडणारच होते. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो आईला म्हणाला, "तू बघायला चल."

टेम्पो म्हणजे एक डबडं होतं. दार दोरीने बांधलेलं, एक दिवा आंधळा. आई पुढच्या पत्र्याशी वाकली, चष्मा वर सारला आणि नखाने पत्र्याच्या फटीत खरवडलं. नखात लाल चुरा आला, त्याखाली जुना काळपट, त्याखाली पिवळा.

"आसा," ती म्हणाली. "थर आसत. घे."

पैसे तिथेच दिले. आईने कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि कोरड्याच चिमटीने, पत्र्याला लागेल न लागेल असं, पुसटसं स्वस्तिक काढायला लागली. जरा फुंकर मारली असती तर उडालं असतं. मी म्हटलं, हे काय गं? ती हळूच म्हणाली, "डाग नको पडाक. उद्या विकूचो लागलो तर किंमत येवक व्हयी."

भावाने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि डबीत पाणी ओतलं. आईचा अंगठा धरून त्यात बुडवला.

"दाबून काढ, आई," तो म्हणाला. "हा विकायचा नाहीये."